सात कोमल आणि मोकळी तार

पाश्चात्य संगीतशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात पट्ट्यांचे एक वर्तुळ हमखास छापलेले असते. माथ्यावर सी मेजर, जिच्या आरंभी एकही चिन्ह लागत नाही. तेथून उजव्या हाताला निघावे तर दर पंचमागणिक एक शार्प वाढत जातो, डाव्या हाताला निघावे तर एकेक फ्लॅट. उतरता उतरता या दोन वाटा तळाशी एकमेकींवर चढतात आणि तेथल्या पट्ट्यांना दोन-दोन नावे पडतात. त्या तळापलीकडे आणखी एक पाऊल टाकले की सी फ्लॅट मेजर लागते. सात फ्लॅट, म्हणजे जितके सूर तितके फ्लॅट. कोमल व्हायचे शिल्लक असे कुणीच उरत नाही. पियानोवर हीच पट्टी बी मेजर या नावाने पाच शार्पांत निमूटपणे लिहिता येते, म्हणून पुस्तके एका वाक्यात तिची बोळवण करतात आणि विद्यार्थीही परीक्षेपुरते तिला ओळखून पुढे जातात.

मला मात्र अशा जागी रेंगाळावेसे वाटते. कोणत्याही व्यवस्थेच्या मध्यभागी सारे सुरळीत चाललेले असते, आणि जे सुरळीत चालते ते स्वतःविषयी काही बोलत नाही. तिच्या कडेला जावे, जेथे नियम पाळले तर जातात पण हास्यास्पद दिसू लागतात, तेव्हा कुठे आपण विचारू लागतो की हे वर्तुळ काढणाऱ्याने माथ्यावर सी ठेवला तो कुणाच्या सोयीने, आणि ‘दूर’ म्हणून ज्यांना तळाशी ढकलले ते नेमके कोणापासून दूर आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न उभाच राहत नाही. बैठकीच्या आधी पेटीवाला गायकाला पट्टी विचारतो, आणि ‘पांढरी चार’ किंवा ‘काळी पाच’ एवढ्या उत्तरावर काम भागते. काळी एक ही सी शार्प की डी फ्लॅट, याचा विचार करत कुणी भाता थांबवल्याचे ऐकिवात नाही. या हिशेबाने सी फ्लॅट मेजर म्हणजे पांढरी सातवर षड्ज आणि त्यापुढे बिलावलाचे सप्तक. रिषभ शुद्ध, गंधार शुद्ध, मध्यमापासून निषादापर्यंत सारे शुद्ध. कागदावर सातही सूर कोमल ठरलेले, आणि आपल्या कानाच्या हिशेबात त्यांतला एकही कोमल नाही. तिकडे प्रत्येक सुराला कायमचा पत्ता आहे आणि त्या पत्त्यापासून तो किती ढळला याची नोंद ठेवली जाते. इकडे पत्ता फक्त षड्जाचा, आणि तोही गळ्याप्रमाणे बदलणारा, बाकीच्यांनी त्याच्याशी आपले नाते सांगावे एवढीच अपेक्षा. दोन्ही हिशेब खरे आहेत. पण पहिल्या हिशेबात माणूस आपल्या मूळ स्थानापासून सर्वस्वी ढळलेला असू शकतो आणि तरीही, दुसऱ्या हिशेबाने, त्याची सारी नाती जागच्या जागी असू शकतात, हा विचार मला संगीताच्या बाहेरही पुष्कळ वेळा उपयोगी पडला आहे.

तर ही पट्टी कोण वापरते? तिला आपले घर मानणारे एक वाद्य आहे, आणि ते म्हणजे हार्प. वाद्यवृंदाच्या कडेला उभी असलेली, सोनेरी खांबाची, एखाद्या राजवाड्यातून चुकून इकडे आल्यासारखी दिसणारी ही हार्प. तिच्या सत्तेचाळीस तारा, सर्व पेडल वर सोडून, काहीही न दाबता, न पिळता छेडल्या तर जे सप्तक वाजते ते सी फ्लॅट मेजरचे असते. ज्या पट्टीसमोर पियानोवाला कपाळाला आठ्या घालतो ती या वाद्याची विश्रांतीची अवस्था आहे.

हे असे का, याचे उत्तर तारेच्या स्वभावात आहे. हार्पच्या तारा पियानोसारख्या बाराही सुरांच्या नसतात. सप्तकात सातच, सी ते बी. मग शार्प-फ्लॅट आणायचे कोठून? पूर्वीच्या वादकांनी मानेजवळ आकडे लावून पाहिले, ते हाताने वळवावे लागत. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी बव्हेरियाच्या बाजूला पायाने चालणारी पेडले आली आणि वादकाचे हात तारांवर राहिले. त्या हार्पा ई फ्लॅट मेजरमध्ये लावल्या जात आणि पेडल दाबून प्रत्येक तार अर्ध्या सुराने चढवता येई. ज्या वाद्यावर फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत बोटे फिरवत असे ते याच घडणीचे. त्यावर आठ मेजर पट्ट्या साधत. बाकीच्यांच्या वाट्याला वनवास. स्ट्रासबुर्गमध्ये जन्मलेला आणि पॅरिसमध्ये नावारूपाला आलेला सेबास्तियँ एरार नावाचा कारागीर क्रांतीच्या धामधुमीत लंडनला गेला, आणि तेथे 1810 मध्ये त्याने दुहेरी चालीच्या हार्पचे पेटंट घेतले. पेडलला आता तीन खाचा मिळाल्या. वरच्या खाचेत तार मोकळी. मधल्या खाचेत आणले की पोकळ खांबातून गेलेली सळई वर मानेतल्या एका चकतीला फिरवते, त्या चकतीवरच्या दोन खुंट्या तारेला दोन बाजूंनी चिमटीत धरतात आणि तिची वाजती लांबी थोडी कमी होते. खालच्या खाचेत आणले की तशीच दुसरी चकती आणखी खालून तिला पकडते. प्रत्येक तारेचे असे तीन सूर झाले, फ्लॅट, नॅचरल आणि शार्प, आणि वर्तुळावरची झाडून सारी घरे हार्पला खुली झाली.

यातला मर्माचा भाग एवढाच की ताणून बसवलेल्या तारेला यंत्र आखूड करू शकते, लांब करू शकत नाही. सूर चढवता येतो, उतरवता येत नाही. ज्याला तिन्ही सूर हवे आहेत त्याने मोकळ्या तारेचा मुक्काम तिघांतल्या सर्वांत खालच्या सुरावर ठेवलाच पाहिजे, आणि सातही तारांनी असा तळाचा मुक्काम धरला की आपोआप सी फ्लॅट मेजर उभी राहते. एरारने ती निवडली नव्हती. त्याच्या समोर दुसरा पर्यायच नव्हता. वर्तुळाच्या पार तळाशी, जेथे कुणी वस्तीला जाणार नाही अशा ठिकाणी, एका वाद्याचे घर पडले ते त्याला सगळीकडे जाता यावे म्हणून.

आणि मोकळ्या तारेचा नाद वेगळाच असतो, हे सतारीची किंवा तंबोऱ्याची संगत ज्यांना लाभली आहे त्यांना सांगायला नको. चिमटीत धरलेली तार सुरेल वाजते, पण तिच्या कंपनाला कोठेतरी धातूचा स्पर्श झालेला असतो. मोकळी तार आपल्या पूर्ण लांबीने बोलते आणि बोलून झाल्यावरही बराच वेळ गप्प होत नाही. म्हणून जाणते रचनाकार सारा वाद्यवृंद बी मेजरमध्ये असतानाही हार्पचा भाग सी फ्लॅट मेजरमध्ये लिहितात. अशी स्वरलिपी डोळ्यांसमोर धरली तर मौज वाटते. व्हायोलिनांच्या ओळींवर पाच शार्प, हार्पच्या ओळीवर सात फ्लॅट, एकाच पानावर जणू दोन देशांचे कायदे; आणि कानाला मात्र त्यातली फूट कोठेच ऐकू येत नाही. व्हायोलिनवाल्याला सात फ्लॅट द्यावेत तर त्याचा संताप होईल, हार्पवाल्याला पाच शार्प द्यावेत तर त्याच्या तारा जागोजागी चिमटल्या जातील. ज्याला जे सुलभ ते त्याला द्यावे आणि सूर एक राखावा, एवढे शहाणपण त्या पानावर मुकाट्याने पाळलेले असते.

मुंबईत एनसीपीएच्या सभागृहात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऐकायला जाणाऱ्यांनी कधीतरी कडेची खुर्ची धरावी आणि हार्पवादिकेच्या हातांकडे न पाहता पायांकडे पाहावे. हातांचे लालित्य सर्वांना दिसते. खाली सात पेडलांवर चाललेला उद्योग कुणी पाहत नाही. डाव्या पायाकडे डी, सी, बी. उजव्या पायाकडे ई, एफ, जी, ए. वर बोटे एखाद्या संथ सरीसारखी उतरत असताना खाली पाय पुढच्या वळणाची तजवीज करत असतात, एक पेडल खाचेतून सोडवून बाजूला घेतले जाते, खाली दाबले जाते, दुसऱ्या खाचेत बसवले जाते, आणि हे सारे खट् असा आवाज न होऊ देता. लाल तारा सी च्या, काळ्या एफ च्या, एवढ्या खुणांवर ती त्या तारांच्या रानात वाट काढते. कार्यक्रम संपल्यावर, वाद्यावर गवसणी चढवण्याआधी, सातही पेडले वरच्या खाचेत परत जातात. तारांवरची चिमटी सुटते, स्प्रिंगांवरचा ताण जातो. तसाही त्या चौकटीवर जवळजवळ टनभर ताण कायमचा असतो; निदान वरचा भार तरी उतरावा. म्हणजे जगातल्या बहुतेक पेडल हार्पा, पेटीत, कोठारात, रात्रीच्या अंधारात, कुणीही वाजवत नसताना सी फ्लॅट मेजरमध्ये असतात. क्वचित वापरली जाणारी पट्टी म्हणून जिची नोंद आहे, ती तासांच्या हिशेबाने पाहिले तर केवढी वापरात आहे!

आपल्या स्वरमंडळाला असे घर नाही. किशोरीताई आमोणकरांच्या मांडीवरचे स्वरमंडळ आठवा. त्याला पेडल नाही, चकती नाही, तेव्हा त्या दिवशीचा जो राग त्याच्याच सुरांत ते सारे लावायचे आणि राग बदलला की चावी घेऊन पुन्हा खुंट्यांशी बसायचे. हार्प कोठेही जाऊ शकते म्हणून तिला परतण्याचे एक ठिकाण लागते. स्वरमंडळ जेथे असेल तेथेच पूर्णपणे असते. यांतले कोणते बरे, हे मी ठरवू शकत नाही.

हाताची सोय आणि कागदाची सोय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे पियानोवाल्यांतही एकाला फार चांगले उमगले होते. शोपँने पियानो शिकवण्याच्या पद्धतीवर एक पुस्तक लिहायला घेतले होते, ते अपुरेच राहिले. पण त्याच्या टिपणांवरून आणि शिष्यांच्या आठवणींवरून कळते की तो स्वरसप्तकांचा आरंभ सी मेजरपासून करत नसे, बी मेजरपासून करत असे. मधली लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आपसूक पडतात, अंगठा आणि करंगळी या आखूड बोटांच्या वाट्याला पांढऱ्या येतात, आणि हाताला त्याचा नैसर्गिक डौल सापडतो. सी मेजर वाचायला सर्वांत सोपी आणि वाजवायला सर्वांत अवघड, कारण सपाट मैदानावर बोटांना टेकायला काही नाही. ही बी मेजर म्हणजे आपली सी फ्लॅटच, नाव तेवढे बदललेले. तेव्हा पियानोवरसुद्धा या घराचा उंबरा हाताला कधीच अवघड नव्हता. अवघड होती ती दारावरची पाटी.

पण पाटी वाचणारे पुष्कळ असतात आणि प्रकाशकाला त्यांच्याकडे पाहावे लागते. शुबर्टने 1827 मध्ये पियानोसाठी जे इम्प्राँप्तु लिहिले त्यांतले एक जी फ्लॅट मेजरमध्ये, सहा फ्लॅटांत आहे. पुढच्याच वर्षी तो गेला, आणि व्हिएन्नाच्या हासलिंगर प्रकाशनाने ते 1857 मध्ये छापले तेव्हा अर्धा सूर चढवून जी मेजरमध्ये, एका शार्पात आणून ठेवले. घरोघरच्या हौशी वादकांना सहा फ्लॅट झेपणार नाहीत, हा त्यामागचा व्यवहार. अर्ध्या सुराने काय बिघडते, असे कुणी म्हणेल, आणि गवयाची पट्टी अर्ध्या सुराने वरखाली झाल्याने राग बदलत नाही हे आपण जाणतोच. तरीही ज्याने ती रचना काळ्या पट्ट्यांच्या मऊ उंचवट्यांवर बोटे ठेवून वाजवली आहे त्याला जी मेजरची प्रत परकी वाटते. फरक कानाला जाणवण्याआधी तळव्याला जाणवतो. (सोप्या आवृत्त्या काढणाऱ्यांची आपल्याकडेही वानवा नाही, आणि त्यांचाही युक्तिवाद हाच असतो की अर्थाला कोठे धक्का लागला?)

पट्ट्यांना स्वभाव असतात असे मानणारा एक मोठा संप्रदाय युरोपात होऊन गेला. शुबार्ट नावाच्या कवी-संगीतकाराने होहेनअस्पर्गच्या किल्ल्यात दहा वर्षे कैद भोगली आणि त्या काळात सांगून लिहून घेतलेल्या आपल्या ग्रंथात त्याने एकेका पट्टीची मनोवृत्ती वर्णिली. त्याच्या निधनानंतर 1806 मध्ये ते पुस्तक छापले गेले. या शुबार्टची ट्राउट माशावरची कविता पुढे शुबर्टने स्वरबद्ध केली, एवढेच त्या दोन नावांचे नाते. त्याच्या मते बी मेजर भडक रंगांची, अनावर विकारांची; आणि जी फ्लॅट मेजर म्हणजे अडचणींवर मात केल्यानंतरचा, डोंगर चढून गेल्यावर सुटणारा निःश्वास. मला वाटते, या दुसऱ्या वर्णनात सुरांपेक्षा वाचकाची दमणूक अधिक बोलते आहे. सहा फ्लॅटांचे घाट ओलांडून जो तेथे पोचला त्याला निःश्वास सुटणारच. पण म्हणून ते वर्णन खोटे ठरत नाही. वाटेचे कष्ट मुक्कामाच्या चवीत उतरतात, आणि वारीला गाडीने जाऊन आलेल्यालाही ते ठाऊक असते.

शुबार्टच्या काळी या स्वभावभेदाला एक भौतिक आधारही होता. बारा शुद्ध पंचम एकावर एक रचत गेले तर सात सप्तकांच्या माथ्यावर नेमके पोचायला हवे. प्रत्यक्षात ते किंचित पुढे जातात, अर्ध्या सुराच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याने. वर्तुळ म्हणून जे काढले जाते ते खरे वर्तुळ नव्हेच. ते कधीच न जुळणारे मळसूत्र आहे. त्या हिशेबात बी आणि सी फ्लॅट हे दोन निराळे सूर आहेत आणि बी वरचा आहे. पुढे युरोपात गोड गंधारासाठी पंचम थोडे आखूड करून वाद्ये लावण्याची रीत आली, तिच्यात गंमत अशी की सी फ्लॅट वरचा ठरतो आणि बी खालचा. काही ऑर्गनांवर काळी पट्टी मधोमध चिरून तिचे दोन भाग केलेले असत, एक शार्पचा आणि एक फ्लॅटचा. एका छताखाली दोन चुली. मग हळूहळू ती तफावत बाराही घरांत समान वाटून टाकण्याचा तोडगा रूढ झाला, ज्याचे गणित मिंग घराण्यातल्या जू झाय-यू या राजपुत्राने 1584 मध्येच मांडून ठेवले होते. सगळे पंचम किंचित खोटे झाले, सगळे गंधार त्याहून अधिक खोटे झाले, आणि सर्व पट्ट्या सारख्याच राहण्याजोग्या झाल्या. समतेची किंमत थोड्याथोड्या बेसूरपणाने सर्वांनी मिळून भरायची, असा हा करार.

तो करार आपल्याकडे पेटीबरोबर आला आणि आपल्याला मानवला नाही. 1910 मध्ये कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींवरचा आपला ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला, ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्या विचाराला हात दिला, आणि श्रुतींची पेटी बनवण्यापर्यंत मजल गेली. ती रुळली नाही, कारण पेटीवाल्याची बोटे सवयीच्या बारा पट्ट्यांवर होती आणि गवयाच्या श्रुती गवयाच्या गळ्यात. नभोवाणीने 1940 मध्ये पेटीला दार बंद केले ते सत्तरच्या दशकाच्या आरंभापर्यंत किलकिलेही झाले नाही. तेवढ्या काळात पेटी मात्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक भजनी मंडळात, नाटकाच्या प्रत्येक खड्ड्यात आणि थोरथोर गवयांच्या डाव्या हाताला बसून होती. शास्त्र आणि व्यवहार यांची ही भांडणे मला फार मानवी वाटतात. दोघांचेही खरे असते, आणि निकाल कुणाच्याच बाजूने लागत नाही.

मग करार झाल्यावरही, पट्टी एकच झाल्यावरही, सी फ्लॅट लिहिणारे का लिहीत राहिले? बेथोवेनच्या ओपस 26 या सोनाटात एक शोकयात्रेची चाल आहे, 1801 च्या सुमाराची, ए फ्लॅट मायनरमध्ये. तिचे पहिले वाक्य संपते ते सी फ्लॅट मेजरवर, कारण मायनरच्या घरातून मेजरकडे उघडणारे जवळचे दार तेच. पण पुढचे पाऊल त्याला सी फ्लॅट मायनरमध्ये टाकायचे आहे, आणि ते लिहू जावे तर फ्लॅटांवर फ्लॅट चढवावे लागतात. तेव्हा तेथल्या तेथे तो पाटी बदलतो आणि बी मायनर लिहितो. डोळ्याला तेथे एक खिंड दिसते, अलीकडे फ्लॅटांचा प्रदेश, पलीकडे शार्पांचा; आणि कान मात्र त्याच जमिनीवरून चालत असतो. 1815 मध्ये एका नाटकासाठी ही चाल वाद्यवृंदाला देताना त्याने ती सबंधच बी मायनरमध्ये आणली. एकट्या पियानोवाल्याने जे सोसावे ते पन्नास वादकांना सोसायला लावू नये, एवढी दया त्याच्यातही होती. पण मूळ प्रतीत त्याने सात फ्लॅट ठेवले, कारण तेथे तो कोठून आला होता हे त्याला लिहून ठेवायचे होते.

हे आपल्याला अपरिचित नाही. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे सूर पेटीवर दाखवायला सांगा, त्याच त्या सहा पट्ट्या दिसतील. पण मारव्याच्या रिषभात जी अस्वस्थ सांज आहे ती सोहनीच्या रिषभात शोधून सापडत नाही. भूप आणि देशकार यांचे पाचही सूर तेच. एकाचा जीव गंधारात, दुसऱ्याचा धैवतात. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. सुराची ओळख तो कोठे आहे यावरून पटत नाही, तो कोठून आला, कोणाकडे झुकला आणि कोणाला टाळून गेला यावरून पटते. पाश्चात्य लिपीने ही आठवण नावात साठवली, आपण ती चलनात साठवली. त्यामुळे त्यांच्या कागदावर बी आणि सी फ्लॅट निराळे दिसतात, आणि आपल्या कागदावर भूप आणि देशकार सारखेच.

हार्पवर मात्र हा भेद कागदावरून उठून लाकडा-तातीत येतो. सी ची तार मोकळी सोडली तर सी फ्लॅट वाजतो. तिच्या शेजारची बी ची तार एका चिमटीत धरली तर बी वाजतो. सूर एक, तारा दोन, एक मोकळी आणि एक धरलेली, जाडीने आणि लांबीने जराशा निराळ्या. पियानोवर ज्या दोघांना एकाच खोलीत कोंबले होते त्यांना येथे आपापला देह मिळाला. आणि वादक त्याचा उपयोग करतात: दोन्ही तारा आलटूनपालटून अगदी हलक्या बोटांनी छेडल्या की एकाच सुराची एक अखंड थरथर उठते, इटालियन लोक तिला कुजबुजणे म्हणतात. बारांपैकी नऊ सुरांना असे जुळे भावंड मिळू शकते. डी, जी आणि ए या तिघांना ते कधीच मिळत नाही; ते ज्याच्या त्याच्या तारेवर एकेकटे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या प्लेयेल कंपनीने या पेडलांच्या कटकटीतून सुटका म्हणून सर्व बारा सुरांना स्वतंत्र तार असलेली, पेडलच नसलेली हार्प काढली. हे पियानोचे तर्कशास्त्र होते आणि वरकरणी बिनतोड होते. तिच्यासाठी देबुसीने 1904 मध्ये दोन नृत्ये लिहिली; प्रतिस्पर्धी एरार कंपनीने राव्हेलकडून आपल्या पेडल हार्पसाठी एक रचना मागवली, ती 1905 ची इंत्रोदुक्सियों ए आलेग्रो, जी फ्लॅट मेजरमध्ये, मोकळ्या तारांच्या अगदी शेजारच्या घरात. बिनपेडलची हार्प टिकली नाही. सगळे सूर हजर असणे हाच तिचा दोष ठरला, कारण हार्पचा जो सर्वांत परिचित आविष्कार, सर्व तारांवरून बोट ओढत नेण्याचा, त्यात एकही तार वगळता येत नाही; बाराही सूर लावलेल्या वाद्यावर ती सर नुसता गलका होते. देबुसीची नृत्येसुद्धा आज पेडल हार्पवरच वाजतात.

जुळ्यांचे हे सुख फुकटचे नाही. सप्तकात तारा सातच. दोघींनी एक सूर घेतला तर कुणीतरी एक सूर उपाशी राहणार. सी फ्लॅट मेजरमध्ये असताना बी चे पेडल एक खाच खाली घेऊन सी फ्लॅटला जुळे दिले, की बी फ्लॅट जातो. तो ए च्या तारेवर ए शार्प म्हणून मिळवावा तर ए फ्लॅट जातो. तो जी शार्पवर घ्यावा तर जी फ्लॅट जातो. तो एफ शार्पवर, तर एफ फ्लॅट. तो ई वर, तर ई फ्लॅट. तो डी शार्पवर, तर डी फ्लॅट. आणि डी फ्लॅट मागायला शेवटी सी च्या तारेकडे जावे तर ती मुळात सी फ्लॅट वाजवण्यात गुंतलेली. उसनवारी फिरून पहिल्या दारात येते. म्हणून जाणता रचनाकार ही साखळी सुरूच करत नाही; त्या एक-दोन आवर्तनांत कोणता सूर लागणारच नाही हे तो आधी पाहतो आणि त्याचीच तार जुळ्यासाठी मागून घेतो.

आपल्या रागांनी हा सूर आधीच ठरवून ठेवलेला असतो. हार्प काळी तीनवर, जी फ्लॅट मेजरमध्ये लावलेली असावी, जी फ्लॅट हा षड्ज. भूप हवा तर मध्यम आणि निषाद वर्ज्य. येथे मध्यम म्हणजे सी फ्लॅटची मोकळी तार, तिचे पेडल दोन खाचा खाली घेतले की ती सी शार्प होते, म्हणजे डी फ्लॅट, म्हणजे पंचम. निषाद म्हणजे एफ ची तार, तिला एक खाच खाली घेतले की ती एफ शार्प, म्हणजे षड्ज. जे दोन सूर रागाने टाकले त्यांच्या तारा पंचमाला आणि षड्जाला मिळाल्या, तंबोऱ्यानेही ज्यांना धरले असते नेमक्या त्यांनाच. आता तारांवरून बोट खुशाल ओढावे, एकही सूर चुकीचा लागणार नाही. फक्त गंधार आणि धैवत दोघेही एकेका तारेवरच राहतात, सारख्याच वजनाचे, तेव्हा ती सर भूपाची की देशकाराची हे हार्पला सांगता येत नाही.